चुन्यावरचं लिपण

सकाळी कोंबड्यांच्या नव्या घरात वाकून शिरताना उदयसिंगाच्या मनात काही नव्हतं. चहा झाला होता, विडी झाली होती, आणि साहेब येणार म्हटलं की जो एक शीण अंगावर चढून बसतो तो कालपासूनच चढून बसला होता. आत ओल्या चुन्याचा वास होता, डांबराचा होता, आणि त्या दोन्हींच्या खालून तिसराच एक वास येत होता. तो नाकात शिरला तसा उदयसिंग थबकला. डावीकडच्या भिंतीवर शेणामातीचं लिपण होतं, जेवणाच्या ताटाएवढं. अजून ओलं होतं. त्यावर बोटांच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, एकात एक अडकवलेल्या, आणि प्रत्येक अर्धगोलात करंगळीच्या शेजारची रेघ तेवढी गायब होती. ती रेघ कुठं गेली हे त्याला ठाऊक होतं. ज्वारी सोंगताना विळ्यानं ते बोट गेलं, तेव्हा तो झोळीत होता. आणि त्या हाताची मालकीण आत्ता मागच्या क्वार्टरमध्ये काही ठाऊक नसल्यासारखं तोंड करून बसलेली असणार.

तशी गोष्ट काहीच नव्हती. वाशीमच्या विकास गटाच्या कचेरीमागं सरकारनं नमुन्याचं कोंबडीघर बांधायला काढलं होतं, गावोगावच्या शेतकऱ्यांना दाखवायला. पुण्याकडून पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या येणार होत्या आणि त्यांची सगळी बडदास्त उदयसिंगाकडे होती. त्याच्या तांड्यातला तो पहिला सरकारी नोकर, आणि सरकारनं त्याच्या हाती काय दिलं, तर कोंबड्या! तांड्यात गेला की म्हातारे अजून कुकूचकू करून दाखवत. तर नकाशा आला, कच्च्या विटा आल्या, रामधन गवंड्यानं भिंती उभ्या केल्या, वर कौलं चढली. नकाशात बाहेरच्या अंगाला सिमेंट होतं. आतल्या अंगाला काय लावायचं, हे लिहायचं कुणाच्या तरी राहून गेलं होतं. साहेबांना विचारलं तर ते हसले. "अहो उदयसिंग, अकोल्याला शिकून आलात ना तुम्ही? तुम्हीच ठरवा. चुना, डांबर, आपलं देशी लिपण, असे नमुने लावून ठेवा भिंतीवर. मी येऊन बघतो." तुम्हीच ठरवा! हे त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. लग्न बापानं ठरवलं, शाळा मास्तरानं ठरवली, नोकरी कुठल्याशा कमिटीनं ठरवली, आणि चाळिशीला टेकल्यावर ठरवायला मिळाली ती खुराड्याची आतली बाजू. रामधननं चुन्याचा पट्टा ओढला, डांबराचा ओढला, आणि लिपणाचं नाव काढताच थापी खाली ठेवली. "थे बायामानसाचं काम हाये, भाऊ. मी नाही करत." उदयसिंगाला बरंच वाटलं. तो तिसरा नमुना त्याला नकोच होता. काल रात्री जेवताना हे सगळं तो बायकोला, ललिताला, सांगत होता, आणि त्याची आई खोलीच्या मधोमध, भिंतीला पाठ न लावता, दुधात भाकरी कुस्करत बसली होती. ती ऐकत असेल असं त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. हल्ली ती कुणाचं काही ऐकल्यासारखी दिसतच नसे.

याडी. बंजाऱ्यांच्या तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि इतकी वर्षं वाशीमला काढूनही आईला दुसरं काही म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती. तिचं नाव भुरीबाई. पोहरादेवीच्या पलीकडे, माळाच्या उतारावर तांडा. बाप, भाऊसिंग, गेल्यावर ती तिथं एकटीच राहायची. "माह्यासाठी कायले थांबतं? जा तू तुह्या नोकरीवर," असं म्हणून तिनं त्याला दर खेपेला वाटेला लावलं होतं, आणि तोही लागला होता, कारण तेच सोपं होतं. मग दिवाळीनंतर ती चुलीपाशी पडली. सकाळी पडली ती दिवसभर पडूनच होती. दिवेलागणीला शेजारची जमनाबाई विस्तव मागायला आली तेव्हा ती राखेत गाल टेकून जागीच होती म्हणे, आणि म्हणाली काय, तर चूल विझली, दुसरीकडं पाहा. उदयसिंग धावत गेला. जमनाबाईनं त्याला दारातच सांगितलं, "माही चूल विझली म्हून मी आली. रोज कोनाची विझते?" हे एक वाक्य त्याच्या कानातून काही केल्या जाईना. कचेरीत फाइल चाळताना, पाणी पिताना, सायकलची साखळी चढवताना ते मध्येच यायचं. रोज कोनाची विझते. त्यानं आईला बैलगाडीत घातलं, मग मोटारीत घातलं, आणि वाशीमला आणलं. वाटेत ती मोटार लागून दोनदा ओकली.

आणि इथं तिला भिंती सोसवेनात. आता यावर काय करायचं माणसानं? सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, चुनेगच्ची भिंती, दर वर्षी पांढऱ्याधोप रंगवलेल्या. ललिताचा त्या भिंतींवर फार जीव. तीही तांड्यातलीच पोर, पण शेजारच्या कारकुनिणी आत डोकावल्या की त्या पांढऱ्या भिंतींपुढं तिची मान ताठ व्हायची. भुरीबाई त्या भिंतींना पाठ लावत नव्हती. लावली की घागऱ्याला, ओढणीच्या आरशांना पांढरं लागे आणि ती ते बसल्या बसल्या झटकत राही. पण खरं दुखणं ते नव्हतं. एका पहाटे तो उठला तर ती बसलेली, डोळे उघडे, दोन्ही हात जमिनीला टेकलेले, जत्रेत चुकलेल्या पोरासारखी. "मी कुठं हाओ रे?" म्हणाली. "घरी हायेस, याडी. वाशीमले." तिनं बराच वेळ हवा हुंगली. "या भिंतीले वासच नाही," ती म्हणाली. "मानसानं जागं झाल्यावर कसं वयखाचं आपून कुठं हाओ थे?" त्याला तेव्हा हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. कारण त्याला आठवलं. लहानपणी तांड्यात डोळा उघडायच्या आधी वास यायचा. ओलं लिपण असेल तर काल सण झाला. कोरडा, गवताळ वास असेल तर लिपून पुष्कळ दिवस झाले, आता याडी शेण कालवणार, आपल्याला माती खणायला पाठवणार. पावसाळ्यात तोच वास आंबूस व्हायचा. डोळे मिटूनच वारही कळायचा, घरही कळायचं आणि आई घरात आहे हेही कळायचं. इथं आल्यावर हे सगळं कधी सुटलं ते त्याला कळलंच नव्हतं. तिचं मात्र एका झटक्यात सुटलं होतं, या वयात. तेव्हापासून तिनं एकच धरलं, होळी झाली की मी जाईन. ओरडून नाही, रुसून नाही. उद्या बाजार आहे म्हणावं तसं. आणि ती गेली की काय होणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं. चूल दिसत होती, राख दिसत होती.

मग कोंबडीघराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि म्हातारी दुपारची तिथं जाऊन बसायला लागली. कच्च्या विटांना ती पाठ लावून बसे. पहिल्यांदाच तिचा डोळा लागलेला त्यानं पाहिला तो तिथं. ललिता वैतागली. कारकुनिणी विचारतात, तुमच्या सासूबाई कोंबड्यांच्या घरात का बसतात म्हणून, आता काय सांगू? उदयसिंगानं सायकल काढली. दोन दिवसांनी म्हातारीच त्याला म्हणाली, "हे आतून लिपाले मले दे. दर आठ दिवसाले लिपीन मी. मंग नाही जात मी कुठी." एवढं सरळ बोलली. त्यानं हसण्यावारी नेलं, "तुले सरकारी नोकरी पाह्यजे का, याडी?" असं म्हणून सटकला. ती हसली नव्हती. आणि आज पहाटे उठून, कुठून शेण आणलं, कुठून माती आणली देव जाणे, तिनं आपला अर्ज थेट भिंतीवर लावला होता.

तो त्या ओल्या लिपणापुढं उकिडवा बसला. द्यायला काय हरकत होती? एक भिंत. सगळ्या जगात त्याला ठरवायला मिळालेली एकच भिंत, आणि ती दिली की आई राहते. याहून सोपा हिशोब नाही. पण अकोल्याच्या ट्रेनिंगमध्ये एका दुपारी मास्तरांनी त्याच्या हातात भिंग दिलं होतं आणि वाळल्या लिपणाचं एक ढेकूळ पुढं सरकवलं होतं. "भेग बघा." त्यानं पाहिलं. लिपण वाळलं की त्याला केसासारख्या भेगा जातात, आणि त्या भेगांत दिवसा गोचीड दाटीवाटीनं झोपलेले असतात, चपटे, राखाडी. अंधार पडला की निघतात, कोंबडीच्या पंखाखाली शिरतात, रक्त पिऊन टम्म होतात आणि उजाडायच्या आत भेगेत परत. कोंबडीच्या अंगावर दिवसा काही सापडत नाही. तिचा तुरा पांढरा पडतो, पाय लुळे पडतात, आणि एक दिवस ती कोपऱ्यात मेलेली सापडते. मास्तर बोलत होते आणि उदयसिंगाचा डोळा भिंगावरून हटत नव्हता. कारण त्याच्या डोळ्यांपुढं तांड्यातलं घरामागचं खुराडं आलं होतं. केवढं देखणं खुराडं! याडी ते घराआधी लिपायची, आतूनसुद्धा, खांद्यापर्यंत हात घालून. आणि दर उन्हाळ्यात तिच्या कोंबड्या मरायच्या. तांबडी म्हणून एक होती, तिच्या मांडीवर चढून बसायची. तिचा तुरा पांढरा पडला तेव्हा याडीनं मीठमिरच्या उतरल्या, पोहरादेवीला नारळ फोडून आली, जमनाबाईच्या नजरेवर संशय घेऊन तिच्याशी बोलणं टाकलं. तांबडी मेली. याडी रडली, आणि सुतक फिटल्यासारखं खुराडं पुन्हा लिपून काढलं, जास्तच निगुतीनं. हे सगळं त्याला अकोल्याला भिंगातून दिसलं. परत आल्यावर त्यानं आईला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? मेलेल्या कोंबड्या काही उठून येणार नव्हत्या.

दुपारपर्यंत वेळ होता. तो सायकल काढून बाजारात गेला, गुलाबचंदच्या दुकानात. चुना, काव, डांबर, दोर, खिळे असलं सगळं गुलाबचंदकडे. माणूस जैन, मोठा धर्माचा, चातुर्मासात दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नसे. "या उदयसिंगजी. चुना पाह्यजे?" "लागला तं तुमच्यापाशी किती हाये थे पाहाले आलो. कोंबड्याच्या..." गुलाबचंदनं दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! दुकानात बसून तो शबुद नोको. चुना घराले लागते. कोनाचं घर हाये थे मी काहून पुसू? अन् चुन्यानं भितीतले जीव मरतेत थे बी मले सांगू नोका. मले काय मालूम?" "तुमाले मालूम हाये, शेठ." "हाये. म्हून तं म्हनतो सांगू नोका." उदयसिंगाला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. काय सुखी माणूस आहे, त्याला वाटलं. ठाऊक असतं आणि ऐकत नाही. आपल्यालाही असंच जमायला हवं होतं. साहेब काही बोलण्याआधी कान झाकून घ्यायचे, लिपण म्हटलं की लिपण. कोंबड्या मेल्या तर उन्हाळा होता, हवा मानवली नाही, विलायती जात नाजूक. सरकारी कागदावर असली कारणं छान शोभतात. गुलाबचंद म्हणाला, "चेहरा काहून उतरला? घरी म्हातारी बरी हाये ना?" "बरी हाये," तो म्हणाला, आणि सायकल हातात धरून पायीच परतला. ऊन चांगलंच तापलं होतं. रस्त्याकडेच्या प्रत्येक घराच्या भिंतीकडे तो पाहत चालला होता, ही चुन्याची, ही मातीची, ही अर्धी चुन्याची आणि अर्धी सोललेली, आणि त्याचं त्यालाच वाटलं की डोकं फिरलं आपलं.

घरी ललितानं ताट वाढलं. म्हातारी नव्हती. "तिथंच गेली असन," ललिता म्हणाली, आणि मग परातीकडे पाहत, "आज पहाटे शेनाच्या हातानं कडी लावली त्यायनं. दाराले बोटं उमटली. मी पुसली." "बरं केलं." "बरं काय केलं? मले का मजा वाटते? माही माय बी लिपत होती, मी बी लिपलं. हाताचा वास जात नव्हता माह्या, शाळेत पोरी नाक दाबत. म्हून म्हनलं होतं का माह्या घराले एक बी भित मातीची नसन." तिचा आवाज चढला आणि मध्येच उतरला. "तुमी एकदाचं सांगून टाका त्यायले. हो का नाही. नुसतं टांगून नोका ठिवू मानसाले." त्यानं उरलेली भाकरी संपवली. ललिताचं खरं होतं. याडीचंही खरं होतं. अकोल्याच्या मास्तरांचंही खरं होतं. सगळ्यांचं सगळं खरं असलं की मधल्या माणसाचे नुसते हाल होतात, आणि त्याला आता जेवून आडवं व्हावं, उठूच नये, असं फार वाटत होतं.

साहेब आले ते खुशीत आले. पुण्याकडचा तरुण माणूस, नवीन राज्य झाल्यावर इकडं आलेला, प्रत्येक गोष्टीचं कौतुक. वाकून आत शिरले, चुन्याच्या पट्ट्याकडे पाहिलं, डांबराच्या पट्ट्याला बोट लावून रुमालाला पुसलं, आणि लिपणापुढं येऊन चक्क उभे राहिले. "वा! हे कुणी केलंय?" दाराशी भुरीबाई ओढणी पुढं ओढून बसली होती. उदयसिंग म्हणाला, "आईनं." "तुमच्या? काय सुंदर हात आहे हो! नक्षी आहे ही. अहो हेच करू या. देशी, स्वस्त, गावातली बाई स्वतः करू शकेल असं. पाहुण्यांना दाखवायला तर उत्तमच." भुरीबाईला पुणेरी बोलणं सगळं कळत नव्हतं, पण 'सुंदर' कळलं, 'करू या' कळलं. तिनं ओढणी जराशी मागं सारली. तिचा चेहरा, राखेतून उचलल्यापासून जो मिटलेला होता, तो उघडला. आणि उदयसिंगाच्या अंगावरचा सगळा भार उतरल्यासारखा झाला. झालं. त्याला काही ठरवायला लागलंच नाही. साहेबानंच ठरवलं, नेहमीसारखं. आता नुसती मान हलवायची. साहेब बाहेर पडता पडता वळले. "तुमचं काय मत? तुम्ही यातले शिकलेले. कोंबड्यांना काही त्रास नाही ना याचा?"

त्यानं आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलंच नसतं. "त्रास हाये, साहेब," तो म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "लिपन वाळलं का भेगा पडतेत. भेगेत गोचीड राह्यते. रात्री कोंबड्यायचं रगत पिते. दोन उन्हाळ्यात कोंबड्या मरून जातीन. चुना पाह्यजे, आतून सारा चुना, अन् खाली हातभर डांबर." साहेबांना वाईट वाटलं, त्यांनी नक्षीकडे पुन्हा एकदा पाहिलं, "बरं, मग चुनाच," म्हणाले आणि जीपकडे गेले. धूळ उडाली, बसली. उदयसिंग तिथंच उभा. पाठीमागून याडी म्हणाली, "तांबडी बी?" त्यानं मान डोलावली. "अन् थ्या दोन कवड्या कोंबड्या? अन् जमनाबाईसंगं मी तीन सालं बोलली नाही, थे?" "याडी, तुले कुठं मालूम होतं." "तुले होतं," ती म्हणाली. "हो, अकोल्याहून आल्यापासून," तो म्हणाला. ती हातांकडे पाहत राहिली, पालथे, उताणे. "म्हंजे माह्या हातानंच मेल्या साऱ्या. मी जेवढं साजरं लिपलं तेवढं त्यायले मारलं." ती भिंतीला धरून उठली आणि क्वार्टरकडे चालू लागली. तिच्यामागं जायची त्याची छाती झाली नाही. तो रामधनबरोबर बाजारात गेला आणि गुलाबचंदकडून घरासाठी म्हणून चुना घेऊन आला. संध्याकाळ व्हायच्या आत रामधननं पहिला हात मारला. ते ताटाएवढं लिपण त्यानं थापीनं खरवडून काढलं. उदयसिंगानं ते घमेल्यात पडताना पाहिलं, ओलसरच होतं अजून, आणि का कोण जाणे, घमेलं उचलून तो घराकडे निघाला.

क्वार्टरच्या दारात गाठोडं होतं. भुरीबाई खोलीच्या मधोमध बसली होती, ओढणी बांधून, निघाल्यासारखी. "होळीपर्यंत थांबत नाही मी," म्हणाली. "सकाळच्या मोटारीत बसवून दे. हाताले काम नाही, भितीले वास नाही. तिथं निदान चूल वयखीची हाये." ललिता चुलीपाशी उभी होती आणि तिचे डोळे लाल होते. दोघींचं काय बोलणं झालं होतं कोण जाणे. उदयसिंगाला खूप काही सांगायचं होतं. जमनाबाईचं वाक्य सांगायचं होतं, राखेचं सांगायचं होतं, मी सरकारी कोंबड्यांसाठी तुला विकलं नाही हे सांगायचं होतं. तो इतका थकला होता की त्याला बसायचंसुद्धा सुचेना. मग तो तसाच पुढं झाला, म्हातारी जिथं अंथरूण टाकायची त्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, आणि सदऱ्याच्या बाह्या वर न सारताच मूठभर शेणमाती उचलून त्या पांढऱ्याधोप भिंतीवर थापली. ललिता ओरडली, "अहो! सरकारी भित हाये थे!" त्यानं दुसरी मूठ थापली. पाणी जास्त झालं होतं. लिपण ओघळून खाली आलं आणि चुन्यावर लांब लांब हिरवट ओघळ उतरले. त्यानं ते हातानं वर ढकललं, ते पुन्हा खाली आलं. चाळिशीचा सरकारी माणूस, कोपरापर्यंत शेणात, आणि भिंत काही धरत नाही. ललिता पाहत राहिली. मग तिनं पदर खोचला, त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि दातओठ खात म्हणाली, "सरका तिकडं. असं लिपतेत का? भुसा कुठं हाये यात?" तिनं गोवऱ्यांच्या ढिगाशेजारचा मूठभर भुसा आणून कालवला आणि तळवा भिंतीवर फिरवला. पहिल्याच फेरीत अर्धगोल उमटला, पाचही बोटांचा, स्वच्छ. तिचा हात आईला विसरला नव्हता. ती रडत होती आणि लिपत होती, आणि वास हळूहळू खोलीभर झाला.

भुरीबाई उठली. गाठोड्याला वळसा घालून भिंतीपाशी आली, वाकली, हुंगलं. "पडन हे," ती म्हणाली. "चुन्यावर शेन धरत नाही. वाळलं का पापडावानी सुटन." "मालूम हाये मले," उदयसिंग म्हणाला. "मंग कायले केलं?" आता काय सांगणार? दिवसभरात एकदा खरं बोलून त्याची हौस फिटली होती. पण दुसरं काही सुचेना. "तू जाऊ नोको म्हून," तो म्हणाला. "तिथं तुही चूल विझली तं मले कळनार नाही. मले भेव वाटते, याडी." आणि हे बोलायची त्याला लाजही वाटली नाही. म्हातारी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती ललिताच्या अर्धगोलांवरून डोळे फिरवत होती. "अन् गोचीड झाले तं?" "होऊ दे. आमी काही कोंबड्या नोहो." "बोलू नोको लई," ती म्हणाली. खालच्या कडेला लिपण आताच सुटायला आलं होतं, तिनं ते अंगठ्यानं दाबलं. सुटलं. पुन्हा दाबलं. मग तिथंच बैठक मारून तिनं घमेलं ओढून घेतलं. "कड पयले धरा लागते, सून. मधून सुरू केलं का सारं खाली येते. सरक." तिचा हात भिंतीवर फिरला, आणि तीन बोटांच्या रेघा, एक मोकळी जागा, करंगळीची रेघ, असा अर्धगोल ललिताच्या अर्धगोलाला येऊन अडकला.

दिवा लागला. कुणी चूल पेटवायचं नाव घेईना. उदयसिंग भिंतीशी पाय पसरून बसला होता, हात वाळून ताठरले होते, आणि त्या वासानं त्याचे डोळे आपोआप मिटत होते. "होळी झाली का जाईन मी," याडी म्हणाली, लिपता लिपता, रोजच्यासारखं. "बरं," तो म्हणाला. "अन् तवरिक हे लिपन पडलं तं?" ती थांबली नाही. हात फिरतच होता.

"मंग लिपन टिकलं का जाईन."